टोलेवारांचे पास झालेले चेंडू

ईडन प्रेरी, मिनेसोटा
९ सप्टेंबर २०२४

चि. प्रीता,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन सोडून पत्र लिहितो आहे, कारण या घरात फोन कायम स्पीकरवर असतो. मी बोलायला लागलो की वैदेही स्वयंपाकघरातून दुरुस्त्या सुचवते आणि अमेय जिन्यावरून. मामा-भाचीचं बोलणं मामा-भाचीत राहावं म्हणून हा खटाटोप. तिकीट एक पुरेल की दोन हे कळेना, तेव्हा तीन लावली आहेत.

माझी नागरिकत्वाची मुलाखत गेल्या महिन्यात झाली. चांगली झाली. समोर एक हसतमुख मॅडम होत्या. त्यांच्या टेबलावर बेसबॉलची टोपी घातलेल्या त्यांच्या मुलाचा फोटो होता. सरकारविषयीचे प्रश्न त्यांनी विचारले, मी उत्तरं दिली. वाचनाचं तेवढं राहिलं. त्यांना वेळ कमी पडला असावा. त्यासाठी नोव्हेंबरात परत बोलावलं आहे. तसं काळजीचं काही नाही.

तरी सराव असावा. मी आठवीत शाळा सोडून साखर कारखान्यात फिटर म्हणून लागलो हे तुला ठाऊक आहे. इंग्रजी शिकलो ते यंत्रांवरच्या पाट्या वाचून, आणि पाट्या सगळ्या मोठ्या लिपीत असतात. लहान लिपीशी माझी ओळखच नीट झाली नाही. त्यातला 'बी' कुठला आणि 'डी' कुठला, हे मला आजही जुळ्या भावांसारखं आहे. एकाला हाक मारावी तर दुसरा ओ देतो.

अमेयने वाचायला लहान मुलांची पुस्तकं आणली. त्यात अस्वलाची टोपी हरवते. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी सुनेसमोर अस्वलाची टोपी मोठ्याने वाचायला लाज वाटते. तू दुसरं काहीतरी सोपं लिहून पाठव.

हे सगळं कशासाठी, तर तुझ्या आईसाठी. भावोजी गेल्यापासून सुवर्णा मिरजेला एकटी असते. तिला मी शब्द दिला आहे की या खेपेला आलो की आंबे संपेपर्यंत हलणार नाही. ग्रीन कार्डावर तसं निवांत राहता येत नाही. मागच्या वेळी पाच महिन्यांनी परतलो तर विमानतळावरच्या माणसाने विचारलं, "तुम्ही राहता तरी कुठे?" त्या प्रश्नाचं उत्तर मला मराठीतही आलं नसतं.

दारातल्या टपालपेटीचं लाल निशाण वर केलं आहे, म्हणजे पोस्टमन पत्र उचलून नेईल. पत्र मिळालं नाही तर लगेच कळव.

तुझा
शशीमामा

*

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय मामा,

पत्र मिळालं. मिळालं नसतं तर नक्की कळवलं असतं.

तुझी तीन तिकिटं बघून माझ्या रूममेट रुहीला वाटलं की पाकिटात दागिना आहे. आम्ही ते चहाच्या वाफेवर धरून तिकिटं सोडवायचा प्रयत्न केला. सुटली नाहीत. तू डिंक लावला होतास ना वरून? खरं सांग.

म्हणजे तुला अमेरिकन व्हायचंय ते मिरजेला राहायला. हे त्या मॅडमना सांगू नकोस.

अस्वल कॅन्सल. त्याच्याऐवजी तुझ्या जातीचा माणूस पाठवते. मी सध्या माझ्या प्रोफेसरांसाठी जुन्या बेसबॉलपटूंचे आकडे तपासतेय. त्यात एक अम्ब्रोज टॉलिव्हर आहे. एकशे चाळीस वर्षांपूर्वी पैसे घेऊन खेळणाऱ्या पहिल्या पिढीतला कॅचर. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून चेंडू पकडणारा. तुझाच धंदा. तू कारखान्याच्या टीमचा विकेटकीपर, हा इथला. फरक एवढाच की तेव्हा ग्लोव्ह म्हणजे बोटं कापलेला कातडी हातमोजा. त्याची बोटं इतकी वाकडी झाली होती म्हणे की त्याला खिशात हात घालता यायचा नाही. तुझी वाकडी करंगळी आठवली.

त्याची माहिती एका पानावर सोप्या इंग्रजीत, मोठ्या टाइपात, पण मुद्दाम लहान लिपीत दिली आहे. खाली त्याचे आकडे आहेत. रोज मोठ्याने वाच. सुनेसमोर वाच, तिला काही कळणार नाही, उलट तुझा रुबाब वाढेल.

तुझी
प्रीता

*

ईडन प्रेरी
२५ सप्टेंबर २०२४

चि. प्रीता,

डिंक लावला होता. सरकारी गोंदाचा मला भरवसा नाही.

तुझं पान रोज वाचतो. पहिले दोन दिवस त्याचं आडनाव मी टोलेवार वाचलं. आमच्या कारखान्यात नांदेडचे एक चिद्रवार होते, तेव्हा म्हटलं हेही त्या बाजूचेच असावेत. अमेयने सांगितलं की टॉलिव्हर. पण आता टोलेवारच तोंडात बसलं आहे, आणि माणूसही तसा घरचाच वाटतो.

काय खेळला आहे हा माणूस. सहा वर्षं, तीनशे चार सामने. बॅटिंगची सरासरी दोनशे अठरा. आमच्याकडे सरासरी पन्नास झाली की लोक देव मानतात, आणि याची दोनशे अठरा. आणि त्यावरही कळस म्हणजे चेंडू पास, तीनशे एक्केचाळीस. तीनशे एक्केचाळीस वेळा परीक्षा आणि तीनशे एक्केचाळीस वेळा पास. एकही नापास लिहिलेला नाही, मी पान उलटूनही पाहिलं.

मी ते पान फ्रिजवर लावलं आहे. सकाळी चहा घेताना टोलेवारांकडे बघतो. ज्या माणसाला बोटं धड नव्हती तो एवढ्या वेळा पास झाला, मग मला एक वाक्य वाचायला काय हरकत आहे? म्हाताऱ्यांच्या केंद्रात एक गोरे गृहस्थ माझ्या शेजारी बसतात. त्यांनाही मी टोलेवारांचे पास झालेले चेंडू सांगितले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग मला कॉफी ओतून दिली.

एक शंका. सहा वर्षांनंतर त्यांचं काय झालं? पानावर काही नाही. बरं झालं असेल ना?

दुसरी शंका. अर्जात विचारलं होतं, तुम्ही कधी कम्युनिस्ट होता का. मी नाही म्हटलं. पण कारखान्याच्या युनियनचा बावटा लाल होता. मी फक्त चहाला जायचो. हे धरतात का?

तुझा
शशीमामा

*

स्टेट कॉलेज
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

चहा धरत नाहीत. भजी खाल्ली असशील तर सांगता येत नाही.

आता जरा बस. खुर्चीवर बस.

एक, दोनशे अठराच्या आधी एक ठिपका आहे. तो माशीने केलेला नाही, दशांश चिन्ह आहे. म्हणजे हजार वेळा उभं राहून दोनशे अठरा वेळा चेंडू नीट मारला. त्या काळच्या कॅचरसाठी हे ठीकठाक, पण देव वगैरे नाही.

दोन, आणि हे वाचताना चहा खाली ठेव. पास्ड बॉल म्हणजे पास झालेला चेंडू नाही रे. जो चेंडू कॅचरने पकडायला हवा होता आणि त्याच्या बाजूने मागे निघून गेला, तो. पास म्हणजे हातून निसटून गेला. तुमच्या क्रिकेटमधला बाय, पण दोष कीपरच्या नावावर. तुझ्या टोलेवारांनी तीनशे एक्केचाळीस बाय दिले. मी आणि रुही तुझं पत्र वाचून इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरचा मिहीर विचारायला आला, सब ठीक है ना यार. त्या कॉफीवाल्या आजोबांना माझा नमस्कार सांग. फार सभ्य माणूस.

तीन. काल वैदेहीवहिनीला फोन केला. हो, स्पीकरवर. वेळ वगैरे काही कमी पडला नव्हता म्हणे. तुला तीन वाक्यं दिली, तिन्ही अडली आणि तू वाचनात नापास झालास. नोव्हेंबरातली संधी शेवटची आहे, ती गेली तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. मामा, मला का नाही सांगितलंस? मी काय विमानतळावरचा माणूस आहे?

तुझी
प्रीता

*

स्टेट कॉलेज
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

दोन आठवडे उलटून गेले, तुझं पत्र नाही. पत्र पाठवलं नसशील तरी कळव.

वहिनी म्हणाली की फ्रिजवरचं पान गेलं. विचारलं तर "चुंबक ढिला झाला" म्हणालास. आणि मोठ्याने वाचणं बंद आहे. ती म्हणाली, "मला त्या अस्वलाचीसुद्धा आठवण यायला लागली आहे." अमेयदादा म्हणतो की बाबा सोडून देऊ म्हणतात, पुढच्या वर्षी बघू.

मी फार हसले. हसायला नको होतं असं नाही, कारण हसू येण्यासारखंच होतं, पण पहिल्यांदा वहिनीचं बोलणं लिहायला हवं होतं आणि हसणं नंतर. उलटं झालं.

पण मला एक खरंच सांग, कीपर म्हणून. एवढे चेंडू सोडणाऱ्या माणसाला त्या लोकांनी सहा वर्षं का ठेवलं? हाकललं का नाही? उत्तर लवकर पाठव, तुझ्या पत्राच्या आधी आईचा पुढचा फोन यायला नको. ती काल विचारत होती, शशीदादा जानेवारीत येतोय ना, वरच्या खोलीला रंग काढू का. मी म्हटलं, काढ.

रंग कुठला ते तिने विचारलं नाही. हिरवा असणार.

तुझी
प्रीता

*

ईडन प्रेरी
२८ ऑक्टोबर २०२४

चि. प्रीता,

मी रागावलो नव्हतो. तिकिटं संपली होती. हे तुला पटणार नाही, पण थोडं खरं आहे.

तुझं हसणंही मला लागलं नाही. लागलं ते वेगळं. आठवीच्या निकालाला गुरुजींनी पास झालेल्यांची नावं वाचली आणि प्रत्येकाला बसायला सांगितलं. शेवटी मी आणि खिडकीजवळचा एक मुलगा एवढेच उभे राहिलो. त्या शब्दाशी माझं तेव्हापासून जमलेलं नाही. इतक्या वर्षांनी एका माणसाच्या नावापुढे तो तीनशे एक्केचाळीस वेळा दिसला, तेव्हा मला वाटलं की चला, आपल्यासारख्या बोटांच्या माणसाला तरी हा शब्द भेटला. आणि तू लिहिलंस की तो निसटल्याचा हिशेब आहे. मग मी पान काढून ठेवलं. टाकलं नाही. चष्म्याच्या डबीत आहे.

सुवर्णाने रंग काढायला घेतला हे वाचून मला घाम फुटला. हिरवाच असणार. तू "काढ" असं कसं सांगितलंस? मला विचारायचं तरी. आता मी नापास झालो तर त्या हिरव्या खोलीत कोण झोपणार?

तुझा प्रश्न. त्यांना का ठेवलं. अगं, बाय जातात ते जो स्टंपमागे उभा असतो त्याच्याकडून. सीमेवर सावलीत उभा राहणारा एकही बाय देत नाही. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत सगळे याच्याच अंगावर येणार, त्यातले काही जाणार. आणि सुजलेल्या हातांनी दुसऱ्या दिवशी कोण बसणार? टोलेवार बसत असतील, म्हणून ठेवलं असेल. मला तरी असं वाटतं, चुकत असेन तर प्रोफेसरांना विचार.

आता एक गंमत, पण हसण्याआधी नीट वाच. तुझं 'पास्ड म्हणजे बाय' डोक्यातून जाईना. परवा पान पुन्हा काढलं आणि नुसता बघत बसलो. लहान 'बी' आणि 'डी' दोघांना एक उभी काठी आणि एक गोळा आहे ना? काठी म्हणजे स्टंप, गोळा म्हणजे चेंडू. वाचताना डावीकडून यायचं. 'डी'मध्ये चेंडू अजून स्टंपच्या अलीकडे आहे. 'बी'मध्ये चेंडू स्टंप ओलांडून मागे गेला. मागे गेला म्हणजे बाय. आणि बाय हा शब्द 'बी'नेच सुरू होतो, हे मला कारखान्याच्या स्कोअरबोर्डावरून माहीत आहे, तिथे मोठ्या लिपीत लिहायचे. दोन दिवस झाले, एकदाही घोटाळा झालेला नाही. हे बरोबर आहे ना? की यातही काही निसटलं?

वैदेहीने आज विचारलं, "बाबा, भिंतीकडे बघून कीपिंग का करताय?" मी म्हटलं, अभ्यास चालला आहे.

सहा वर्षांनंतरचं तू अजून सांगितलं नाहीस. हे मी दुसऱ्यांदा विचारतो आहे.

तुझा
शशीमामा

*

स्टेट कॉलेज
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

काहीही निसटलेलं नाही. मी हसले नाही. रुही हसली, पण तीही आनंदाने, आणि आता आमच्या फ्रिजवर 'डी' आणि 'बी' काढून त्यांच्यामध्ये ग्लोव्ह घातलेला मामा काढला आहे. पोट जरा मोठं झालंय, पण तिने तुला कुठे पाहिलंय.

आता पुढे चल. 'पी' बघ. तोच खेळ, स्टंप फक्त जमिनीत खोल गेलाय. चेंडू स्टंप ओलांडून गेला. 'पी' फॉर पास्ड. आणि 'क्यू'मध्ये चेंडू अजून अलीकडे. चारही भाऊ तुझ्या ताब्यात आले.

कीपरबद्दल तू जे लिहिलंस ते प्रोफेसरांना वाचून दाखवलं, इंग्रजीत. ते म्हणाले, "हे तर पहिल्या धड्यात आहे, फक्त आपण त्याला फॉर्म्युला लावतो." तेव्हा जास्त फुगू नकोस. पण पहिल्या धड्यात पास झालास, जुन्या अर्थाने.

सहा वर्षांनंतरचं मुद्दाम सांगत नव्हते. तू पान फ्रिजवर लावलंस आणि मला वाटलं की आता हे कशाला. अंगठा मोडला, टीमने सोडलं. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. गावी परत गेला, इथून फार लांब नाही, कोळशाच्या खाणीवर गाड्या मोजायच्या कामाला लागला. मला हे दुःखाचं वाटलं होतं. पण परवा एका जुन्या वर्तमानपत्रात दोन ओळी सापडल्या की म्हाताऱ्या टॉलिव्हरने रविवारच्या मॅचला अंपायरिंग केलं. बेसबॉलमध्ये अंपायर कुठे उभा राहतो माहितेय? कॅचरच्या मागे. म्हणजे शेवटपर्यंत जागा सोडली नाही त्याने. एक पाऊल मागे सरकला फक्त.

आणि राहायचा बहिणीच्या घरी. हे मी जोडलेलं नाही, छापलंय.

वाचताना अडलास तर थांब. घाईने वाचू नकोस. चेंडू कुठे आहे तेवढं बघ.

आईने हिरवाच काढला. पिस्ता, ती म्हणते.

तुझी
प्रीता

*

ईडन प्रेरी
१९ नोव्हेंबर २०२४

चि. प्रीता,

काल जाऊन आलो. आधी शेवट सांगावा असं अमेय म्हणतो, पण मी क्रमानेच सांगतो, नाहीतर माझंच काही राहून जाईल.

सकाळी वैदेहीने दही-साखर हातावर ठेवली. अमेयने गाडीत सांगितलं, "बाबा, रिलॅक्स," आणि स्वतः चुकीच्या एक्झिटला उतरला. पान चष्म्याच्या डबीत होतं. डबी आत नेऊ देतील की नाही याची रांगेत उभं राहून काळजी केली, पण डबीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

त्याच मॅडम होत्या. मुलाचा तोच फोटो. आधी त्यांनी एका टॅब्लेटच्या काचेवर सही करायला सांगितली. माझी करंगळी त्या काचेवर आडवी पडेना, मध्ये मध्ये येऊन रेघा ओढायला लागली. त्यांनी बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "बेसबॉल?" मी म्हटलं, "येस मॅडम. कॅचर. बट इंडियन." त्या हसल्या आणि फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या की हाही कॅचरच आहे, रोज काहीतरी सुजवून घरी येतो. मला धीर आला. मग लगेच वाटलं की बेसबॉल म्हटलं हे खोटं तर झालं नाही? शपथेवर होतो. क्रिकेटचं सांगायला तोंड उघडणार तोवर त्यांनी काच फिरवली आणि वाक्य समोर आलं.

प्रीता, एका ओळीत एक 'बी' आणि दोन 'डी'. सगळे लहान लिपीतले. मागच्या वेळी इथेच मी गडबडलो होतो आणि जे तोंडात येईल ते वाचलं होतं. या वेळी थांबलो. इतका थांबलो की मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टंप बघितला, मग चेंडू बघितला. हा अलीकडे आहे. हा मागे गेला. हा अलीकडे आहे. मग वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मोठ्याने, फ्रिजसमोर वाचायचो तसं. वाचून झाल्यावर बघतो तर माझे दोन्ही हात टेबलाखाली ओंजळ करून बसले होते.

मग त्यांनी एक वाक्य लिहायला सांगितलं. ते मी सगळं मोठ्या लिपीत लिहिलं, पाटीसारखं. त्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, "यू पास्ड."

आता सांग, मी काय समजायचं? तूच मला एवढं शिकवून ठेवलंस. गेला की काय मागे? मी उभा राहिलो आणि विचारलं, "मॅडम, विच पास्ड?" त्यांना कळेना. मग मी हाताने दाखवलं. हा स्टंप, हा चेंडू, आणि चेंडू मागे गेला, सर्रकन. त्या क्षणभर माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग फोटोकडे पाहिलं. मग इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून एकाने डोकावून पाहिलं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "नो, सर. यू कॉट इट."

बाहेर अमेय उभा होता. त्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "झेल घेतला." त्याला काही कळलं नाही. त्याला वाटलं की मी पुन्हा नापास झालो आणि डोक्यावर परिणाम झाला. गाडीत बसेपर्यंत मी त्याला तसंच राहू दिलं.

शपथविधी पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी काय घालायचं, टाय लागतो का, हात कुठला वर करायचा, हे विचारून कळव. सुवर्णाला फोन झाला. या घरातला फोन असल्यामुळे तो सगळ्यांनी मिळून केला. ती म्हणाली, "पिस्ता रंग आवडेल ना रे?" मी म्हटलं, आवडेल.

टोलेवारांचं पान परत फ्रिजवर लावलं आहे. तीनशे एक्केचाळीसच्या खाली मी पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि पुढे काही लिहिलं नाही. त्यांनी पकडलेले किती, हे कुणी मोजलंच नव्हतं ना?

तिकीट या वेळी एकच लावलं आहे. डिंक न लावता.

तुझा
शशीमामा